चिरफाडीआधीचं चित्र

राजगड-तोरण्याच्या कड्यावरून कुणी पडलं, भाटघरच्या पाण्यात कुणी बुडालं, की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो आणि देह पीएमसाठी, म्हणजे शवविच्छेदनासाठी, वेल्ह्याच्या ग्रामीण किंवा भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात जातो. बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांची विनवणी ठरलेली: "साहेब, चिरफाड नको, देह तसाच द्या."

सव्वाशे वर्षांत वैद्यकशास्त्र या विनवणीच्या बरंच जवळ आलं आहे. राँटजेनला एक्स-रे सापडला नोव्हेंबर १८९५ मध्ये. पुढच्याच वर्षी माँट्रियलमध्ये एकाच्या पायात रुतलेल्या गोळीचा एक्स-रे कोर्टात पुरावा म्हणून मांडला गेला. तो माणूस जिवंत होता, पण मृताच्या शरीरातली गोळी शोधायलाही हीच युक्ती रुळली. अडचण एवढीच, की एक्स-रे म्हणजे सपाट सावली. पुढचं हाड मागच्याला झाकतं. शरीराचे आडवे काप दाखवणारं सीटी आल्यावर ती सुटली. २००० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे न्यायवैद्यक तज्ज्ञ डिर्नहोफर आणि थाली यांनी सीटी-एमआरआयने मृतदेह तपासण्याची रीत बसवली आणि तिला 'व्हर्टॉप्सी' नाव दिलं.

आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं, की या पद्धतीने शवविच्छेदनाचं अडीच तासांचं काम अर्ध्या तासावर येईल. दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२१ मध्ये त्यासाठीचं केंद्र सुरू झालं. पुढच्या वर्षी विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव यांच्या देहाची तपासणी तिथे याच पद्धतीने झाली, तेव्हा ही गोष्ट घरोघरी कळली.

खरं तर गडकोटांच्या मुलखाला जवळचा वाटावा असा निर्णय नोव्हेंबर २०२१ चा. पुरेसा उजेड आणि सोय असेल तिथे सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला केंद्राने परवानगी दिली. दिवसभर झोळीतून देह खाली आणायचा आणि मग सकाळची वाट बघत रात्र काढायची, ही वेळ त्यामुळे टळू शकते. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय असेल, तर मात्र सहसा दिवसाच.

सीटी यंत्राचा गाजावाजा झाला, तशी त्याची परीक्षाही झाली. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडमधल्या १८२ मृत्यूंचा अभ्यास आला. सीटीवरून काढलेलं मृत्यूचं कारण ३२ टक्के प्रकरणांत शवविच्छेदनाशी ठळकपणे जुळलं नाही. हृदयविकार, फुप्फुसातली गुठळी, न्यूमोनिया निसटले. मोडलेली कवटी, बरगड्या, छातीत साठलेली हवा, अडकलेली गोळी मात्र सीटी छान दाखवतं. बुडालेल्याच्या नाकामागच्या पोकळ्यांतलं पाणीही दिसतं, पण तेवढ्यावरून बुडून मृत्यू असं लिहिता येत नाही. विषाचा तर फोटोच निघत नाही. त्यासाठी व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, काढून प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो.

म्हणून कड्यावरून पडलेल्यासाठी सीटी जरूर वापरावं, आणि जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात मृतांसाठी वेगळं यंत्र असावं. जिवंत रुग्णांच्या रांगेत मृतदेहाचा नंबर लागत नाही. पण गळ्यावर ओढणीची खूण किंवा कीटकनाशकाचा वास असेल, तर नातेवाइकांनी चिरफाडीला नाही म्हणू नये.