भोवऱ्याआधी खूर पाहा

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार यंदाही भरला. तापीकाठच्या या यात्रेत आता लाखांचे सौदे होतात. गिऱ्हाईक उंची मोजतं, कानांची कमान न्याहाळतं, देवमणासारखे शुभ मानलेले केसांचे भोवरे शोधतं. पाय उचलून पाहणारे मोजकेच. खुरांची टोकं वाढून पुढे आलेल्या एका देखण्या घोड्याची किंमत ऐकून लोक वाहवा करत होते. ते फार लागलं. याच खान्देशात खुराची पारख होती.

खान्देशातल्या टांग्यांची ऐंशीच्या आधीची वर्षं सोडून देतो. नाल झिजला, नवा ठोकला, एवढंच त्यांत होतं. 1998 साली सारंगखेड्याचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला, तोवर रिक्षांनी टांगे हुसकावलेच होते. सांगण्यासारखं आहे ते ऐंशीचं दशक.

तेव्हा जळगाव-धुळ्याचा नालबंद आधी घोडं चालवून बघे. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडं मान वर झटकतं, चांगल्या पायावर मान खाली जाते. मागच्या पायाचं दुखणं पुठ्ठ्याच्या हालचालीत कळतं. मग तो खुराची ऊब पाही, घोट्यामागे नाडी चाचपे, हातोडीनं हलके ठोके देऊन दुखरी जागा हुडके. पावसाळ्यात लिदीच्या चिखलात उभ्या घोड्याच्या तळव्यातून काळा, कुजका द्राव आला की सडका भाग तासून आधी तबेला कोरडा करायला लावी.

त्याच दशकात डागणीवाल्यांचाही रुबाब होता. लंगड्या पायाला तापल्या लोखंडाचे डाग द्यायचे. मग जखमेमुळे घोड्याला सक्तीची विश्रांती मिळे आणि गुण आला की श्रेय डागणीला जाई. खुरात घुसलेला खिळा मात्र आतच राही. चंदी, म्हणजे दाणा, जास्त होऊन खूर तापले, घोडं पुढचे पाय लांब टाकून टाचांवर भार घेऊ लागलं, की हेच लोक म्हणत, "फिरवा, मोकळं होईल." हा लॅमिनायटिस. खुराचं कवच आतल्या हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे यात सुजतात. चालवलं की ते आणखी फाटतात आणि हाड जागा सोडतं. अशा घोड्याला मऊ जमीन, खुरांना गारवा, चंदी बंद आणि तातडीनं डॉक्टर हवा. "फिरवू नका" म्हणणाऱ्या नालबंदाला तेव्हा अडाणी ठरवलं गेलं. तो अन्याय होता.

टांगे गेले, नालबंदांची मुलं दुसऱ्या धंद्याला लागली. आता घोडी वरातीत डीजेपुढे डांबरावर नाचवतात, एरवी बांधून चंदी चारतात. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. सहा-आठ आठवड्यांनी तासला नाही तर टोक लांबतं आणि पायामागच्या कंडरा ताणल्या जातात.

म्हणून सारंगखेड्याला घोडा घ्यायला जाणाऱ्यांनी भोवऱ्यांआधी चारी पाय उचलून पाहावेत, कठीण जमिनीवर घोडा दुडका चालवून घ्यावा. आणि यात्रा भरवणाऱ्यांनी लंगडत्या घोड्याला, तो कितीही देखणा असो, बक्षीस देऊ नये.