शाळेचे ९८ गेले कुठे?

सिडनीत बारावीचा निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. वेंटवर्थव्हिल-वेस्टमीडच्या मराठी घरांत त्या आठवड्यात एक प्रश्न हमखास निघतो: "शाळेत ९८ होते हो तिला, मग ८५ कसे झाले?"

घोटाळ्याचं मूळ मला नावातच दिसतं. न्यू साउथ वेल्सच्या बारावीलाही एचएससीच म्हणतात. त्यामुळे पुण्या-नाशिकहून तिकडे गेलेल्या आईवडिलांना वाटतं, हे गणित आपल्याला पाठ आहे. लेखीचे इतके, शाळेच्या हातातले इतके, करा बेरीज! 'शाळेच्या हातातले' मार्क काय चीज असते ते आपण पाहिलंच आहे. राज्य मंडळाने दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते मार्क काढले, तेव्हा २०१९चा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते परत दिले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, हे खरं, पण तेवढ्याने एवढी उडी जात नाही.)

सिडनीत शाळेचा वाटा बहुतेक विषयांत चक्क निम्मा असतो. मग एखादी शाळा दानशूर निघाली तर? तिकडचं मंडळ, म्हणजे नेसा, शाळेचे मार्क आहेत तसे घेतच नाही. शाळेकडून ते दोनच गोष्टी उचलतं: मुलांचा क्रम आणि त्यांच्यातली अंतरं. मार्क किती, हे त्याच शाळेच्या मुलांनी त्याच विषयाच्या बोर्डाच्या पेपरात काय केलं, त्यावरून ठरतं. याचं नाव मॉडरेशन.

समजण्यापुरता चारच मुलांचा वर्ग घेऊ. शाळेने दिले ९८, ८८, ७८ आणि ६८. त्याच क्रमाने बोर्डाच्या पेपरात पडले ८२, ८८, ७० आणि ६०. म्हणजे शाळेत दुसरा असलेला मुलगा पेपरात पहिला आला. आता नियम असे: शाळेतल्या पहिलीला वर्गातला सर्वांत जास्त पेपर-मार्क, म्हणजे ८८. शेवटच्याला जमेल तिथे सर्वांत कमी, म्हणजे ६०. आणि शाळेच्या बदललेल्या मार्कांची बेरीज पेपरांच्या बेरजेइतकी, इथे ३००. मधल्या दोघांना अंतरं शक्य तितकी सांभाळत बसवलं की येतात सुमारे ८१ आणि ७१. पहिलीचा निकाल ८२ आणि ८८ यांची सरासरी, ८५. दुसऱ्याचा ८८ आणि ८१ यांची, साडेचौऱ्याऐंशी.

हेच ते ८५. शाळेने तिचं काही बुडवलं नाही, उलट पेपरातल्या ८२ला वर ओढलं.

आता गंमत पाहा. शाळा कडक असती आणि तिने ७०, ६०, ५०, ४० असे मार्क दिले असते, तरी उत्तर तसूभर बदललं नसतं. क्रम तोच, अंतरं तीच. त्यामुळे 'आमच्या सरांचा हात आखडता' ही तक्रार आणि 'त्यांच्या शाळेत मार्क वाटतात' हा टोमणा, दोन्ही तिथे फुकट जातात.

'त्याचे ८८ तिने नेले' असंही ऐकू येतं. नेले नाहीत; त्याच्या पेपराचे ८८ त्याच्याच खात्यावर आहेत. तिला मिळाली ती वर्षभर पहिलं असण्याची किंमत, फक्त ती किंमत किती, हे वर्गातल्या सर्वांत चांगल्या पेपराने ठरवलं. याचा एक परिणाम आपल्या पालकांच्या पचनी लवकर पडत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाने बोर्डाचा पेपर चांगला लिहिला, तर वर्गाला वाटायच्या मार्कांची थैली जड होते. नोट्स लपवून ठेवणारा आपलीच थैली हलकी करतो. कुणाचा पेपर आजारपणाने किंवा कशानेही अगदी विपरीत गेला, तर तो हिशेबातून बाजूला ठेवतात, म्हणजे त्याचा भार इतरांवर पडत नाही.

रँकचं वेडही जरा जास्तच आहे. पहिली ९८वर आणि पुढचे सहाजण ९७च्या आसपास असतील, तर सातवा रँक म्हणजे काही आकाश कोसळत नाही. अंतर बारीक असेल तर मार्कही जवळपास तेवढेच पडतात. आणि पहिला नंबर असला, तरी वर्गाचे पेपरच सुमार असतील तर त्या पहिल्या नंबराला भाव येणार कुठून? म्हणून 'सिलेक्टिव्ह, म्हणजे निवडक मुलं घेणाऱ्या शाळेत रँक खाली जातो, त्यापेक्षा साध्या शाळेत पहिलं यावं' हा सल्ला मला तरी पोकळ वाटतो. तगड्या वर्गातला चाळिसावाही नव्वदीत असू शकतो. शाळेची जुनी कीर्ती या सूत्रात कुठेच येत नाही. २०२१ मध्ये परीक्षाच झाल्या नाहीत म्हणून सीबीएसईने शाळेच्या आधीच्या तीन वर्षांच्या निकालाचा आधार घेतला होता. मॉडरेशनमध्ये हिशेब फक्त त्याच वर्षीच्या, त्याच विषयाच्या मुलांचा.

ट्रायल म्हणजे आपली पूर्वपरीक्षा. तिच्यावर सगळं असतं, हेही खरं नाही. बारावीला विषयागणिक जास्तीत जास्त चार मूल्यमापनं घेता येतात, त्यांत लेखी परीक्षा एकच, आणि तिचं वजन ३० टक्क्यांपर्यंत.

मॉडरेशन आणि स्केलिंग यांची सरमिसळ तर सर्रास होते. मॉडरेशन नेसा करते, एका शाळेच्या एका विषयात. स्केलिंग करते विद्यापीठ प्रवेशाची संस्था, यूएसी, आणि ते विषयाविषयांमध्ये असतं. त्या विषयाला बसलेली मुलं एकूण अभ्यासात किती तयारीची, ते पाहून मार्कांची तुलना लावतात. त्यातून निघतो एटार, कमाल ९९.९५. तो टक्का नव्हे, क्रमांक आहे. ८० एटार म्हणजे वयाच्या गटात वरच्या वीस टक्क्यांच्या उंबरठ्यावर. मार्कशीटवरचे बँड याहून वेगळे. ९० किंवा वर म्हणजे बँड सहा, आणि त्याला कोटा नाही. कसोटीला उतरतील तितके सगळे त्यात.

परीक्षा संपल्यावर मुलांना आपापला शाळेतला रँक पाहता येतो. चूक वाटली तर शाळेकडे फेरतपासणी मागता येते, पण ती वजनं आणि बेरजा ठरल्याप्रमाणे झाल्या का, एवढ्यापुरतीच. एखाद्या निबंधाचे मार्क त्यात पुन्हा उघडत नाहीत. दिसतो तोही नुसता रँक. शाळेने नेसाला पाठवलेला आकडा मुलांना सांगायचाच नाही असा दंडक आहे, कारण तो पुढे बदलणार असतो.

मग ते ९८ आले कुठून? चार टास्कचे मार्क आईने फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर स्वतः जोडले होते.