जुनी एसयूव्ही घेताना : रंग पाहू नका, इंजिन ऐका

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, नेरूळ या भागांतील आपल्या वस्त्यांत हल्ली दारापुढे चारचाकी उभी दिसू लागली आहे. ही समाधानाची गोष्ट आहे. ज्यांच्या वडिलांनी बाजार समितीत गोणी उचलल्या, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत रात्रपाळ्या केल्या, त्यांची मुले आज गाडीचे मालक होत आहेत. नवी मोठी गाडी मात्र कामगार कुटुंबाच्या आवाक्यातली नाही. म्हणून बहुतेक घरांत जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा सुमो येते. कुणाला ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २० मार्चला महाड आणि विजयादशमीला दीक्षाभूमी सहकुटुंब गाठायची असते, तर कुणाला मुलाला धंद्याला लावायचे असते.

या गाडीसाठी पैसा येतो कुठून? बापाच्या फंडातून, पतपेढीच्या कर्जातून, आईच्या गळ्यातल्या डोरल्यातून. म्हणूनच हा विषय केवळ पुरुषांच्या कट्ट्यावरचा नाही, तो कुटुंबाचा आहे. आमच्या परिचयातील एका घराने निवृत्तीच्या रकमेतून मुलासाठी अशीच एक गाडी घेतली. रंग नवा होता, सीट कव्हर नवे होते, आत छान टेप होता. तीन महिन्यांत इंजिन उघडावे लागले. आता त्या मुलाच्या कमाईचा मोठा वाटा गॅरेजच्या उधारीत जातो. घेण्यापूर्वी त्या घरातील कुणीही बॉनेट उघडून पाहिले नव्हते. विकणारा ओळखीचा होता, एवढेच पुरेसे वाटले होते.

आपण विहारात रोज धम्मवंदना म्हणतो, तिच्यात ‘एहिपस्सिको’ असा एक शब्द आहे. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. ज्या भगवंतांनी आपला धम्मसुद्धा पारखून घ्यायला सांगितले, त्यांच्या अनुयायांनी लाखांची गाडी दुसऱ्याच्या शब्दावर घ्यावी, हे काही बरे नव्हे.

येथे बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. १९२९ साली ते चाळीसगावला आले असता तेथील टांगेवाल्याने अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास नकार दिला. बाबासाहेबांनी पायी यावे हे महारवाड्यातील बांधवांना रुचेना. त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यापैकीच एकाला हाकायला बसवले. त्याला सराव नव्हता. पुलाच्या फरशीवर चाक अडकून टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दोष अस्पृश्यतेचा होता, त्या बांधवांचा हेतू तर निर्मळ होता. पण वाहनाच्या बाबतीत निर्मळ हेतू पुरत नाही, जाणता हात लागतो. आपला मेहुणा किंवा मित्र मनापासून ‘गाडी चांगली आहे’ म्हणेल. त्याचे मन चांगले म्हणून गाडीचे इंजिन चांगले ठरत नाही.

गाडी थंड असताना जा

विकणाऱ्याला आधीच सांगावे की, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर चहा घेऊन परत यावे, दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. झिजलेल्या डिझेल इंजिनाचे दुखणे थंड असतानाच उघडे पडते. गरम इंजिन चटकन चालू होते आणि दोष झाकला जातो.

चावी अर्धी फिरवल्यावर डॅशबोर्डवर ऑइलचा व इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर दोष लपवण्यासाठी कुणी तो बंद केला असण्याची शक्यता असते.

मग मागे जाऊन धूर पाहावा. थंड गाडी चालू होताना थोडा धूर निघून लगेच थांबला, तर घाबरू नये. निळसर धूर निघतच राहिला, तर इंजिन ऑइल जाळते आहे, म्हणजे रिंग, बोअर, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे काम निघू शकते. दाट काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, नोझल किंवा एअर फिल्टर पाहावा लागेल. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा.

ऑइल आणि पाणी

डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. डिझेल गाडीचे ऑइल काळे दिसते, तो दोष नाही. ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत ते काळे होते. मात्र ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी उतरले आहे. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

इंजिन सावकाश चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण जपून सैल करावे. थोडी वाफ दिसणे साधे आहे. तेथून भकाभका धूर येत असेल आणि झाकण उडू पाहत असेल, तर त्याला मिस्त्री लोक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. जळलेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरतो आहे, असा त्याचा अर्थ. हे काम मोठे असते.

रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे, गरम असताना कधीही नाही. उकळते पाणी तोंडावर येते. आत रंगीत कूलंट असावे. गंजाचे तांबडे पाणी किंवा वर तेलाचा तवंग दिसला, तर इंजिन कधीतरी तापून गेले असल्याची शंका घ्यावी.

चढावर नेल्याशिवाय परीक्षा नाही

आपली नवी मुंबई बहुतेक सपाट. पाम बीच रस्त्यावर कुठलीही गाडी छान पळते. म्हणून बेलापूरच्या पारसिक टेकडीचा चढ किंवा एखादा मोठा उड्डाणपूल निवडावा. घरची चार माणसे बसवावीत, एसी लावावा आणि किमान अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला पाहिजे. टर्बोची गाडी चढाला एका वेगानंतर जोमाने ओढते. ती दमत असेल किंवा शिट्टीऐवजी किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर मिस्त्रीला दाखवावे. पुढे भीमा-कोरेगावला जाताना बोरघाट चढायचा आहे आणि नागपूरला जाताना समृद्धी महामार्गावर तासन् तास पळायचे आहे, हे ध्यानात ठेवून ही परीक्षा घ्यावी.

इंजिनापासून चाकापर्यंत

बरेच लोक इंजिन पाहतात आणि थांबतात. पण इंजिनाची ताकद चाकाला पोचते ती क्लच, गिअर बॉक्स, मधला लांब शाफ्ट आणि मागचे हाउसिंग यांतून. बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ या गाड्यांत ती मागच्या चाकांना जाते.

क्लचसाठी सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून, पुढे कुणी उभे नसताना, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक. बंद न पडता घरघरत राहिले, तर क्लच प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करावी.

गिअर टाकताना खरखर, गिअर आपोआप सुटणे, पाय क्लचवर ठेवताच आवाज थांबणे ही गिअर बॉक्स व बेअरिंगच्या झिजेची लक्षणे होत. पहिल्यातून रिव्हर्समध्ये जाताना खालून ‘टक्’ असा ठोका आला, तर शाफ्टचे क्रॉस झिजले असतील. हे काम तुलनेने स्वस्त असते. मागून ‘हूं’ असा आवाज येऊन तो अॅक्सिलरेटर दाबता-सोडता बदलत असेल, तर हाउसिंगमधील क्राऊन-पिनियनकडे बोट जाते, आणि ते महाग असते. वळण घेताना बदलणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, तर स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवावी. टकटक आली तर पुढच्या शाफ्टचे जॉइंट गेले समजावे. फोर बाय फोर असल्यास ते मातीच्या जागेत लावून पाहावे. त्यासाठी जादा पैसे मागितले जातात, आणि अनेकदा ते वर्षानुवर्षे वापरलेलेच नसते.

खालून आणि कागदावरून

गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढवून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. जुन्या गाडीवर धुळीत मिसळलेला तेलाचा घाम असतोच. टपकणारे ताजे तेल मात्र वेगळे. नुकतेच धुऊन चकचकीत केलेले इंजिन दिसले, तर चालवून झाल्यावर पुन्हा खालून पाहावे.

२००५ च्या जुलैत मुंबईत आणि २०२१ च्या जुलैत महाड-चिपळुणात पाणी भरले, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीच्या इंजिनात पाणी गेले असता चालू केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हाउसिंगच्या ऑइलमध्येही पाणी मुरते. म्हणून सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, गालिच्याखाली गाळ आहे का, हाउसिंगचे ऑइल दुधट आहे का, हे पाहावे.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, मीटर मागे फिरवता येते. झिजलेले पेडल, स्टिअरिंग आणि सर्व्हिसची बिले खरे बोलतात. आरसीवरील इंजिन नंबर व चासी नंबर गाडीवरील नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, तेव्हा किती वर्षे उरली तेही मोजावे. साध्या पंपाच्या जुन्या इंजिनाचे काम हमरस्त्यावरचा मिस्त्रीही करतो. कॉमन रेल इंजिनाला स्कॅनर लागतो आणि त्याची नोझल महाग असतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. नुसत्या जवळच्या फेऱ्या मारल्यास तो तुंबतो.

जाणत्याला मोबदला द्या

आपल्या वस्त्यांत आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेली मुले आहेत. गाडी पाहायला त्यांना जरूर न्यावे, पण ‘जरा बघून दे रे’ म्हणून फुकट राबवू नये. त्याच्या विद्येचे पैसे त्याच्या हातात द्यावेत. जातीच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्या समाजाने आपल्याच लेकरांचे श्रम फुकट घेऊ नयेत. घरच्या बाईलाही बरोबर न्यावे. डोरले तिचे मोडते, तेव्हा निर्णयातही ती हवी.

शेवटी हिशेब. ठरलेल्या रकमेतील सगळे पैसे गाडीतच घालू नयेत. माझ्या मते पाचवा हिस्सा बाजूला राखावा. ऑइल, फिल्टर, बेल्ट, क्लच, टायर, विमा आणि नावावर करण्याचा खर्च पहिल्या काही महिन्यांतच येतो. तो हिस्सा उरत नसेल, तर लहान गाडी घ्यावी किंवा वर्षभर थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही. एखाद्या रविवारी वंदनेनंतर विहारासमोर एखादी गाडी उभी करून, बॉनेट उघडून, आपल्यातल्याच एखाद्या मिस्त्रीने तरुणांना व महिलांना हे सारे प्रत्यक्ष दाखवावे. तासाभराच्या त्या वर्गातून दोन-चार घरांचा फंड वाचेल.

जयभीम!