नकाशामागची माहिती

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, नकाशावरच्या प्रत्येक खुणेला माहितीचा तक्ता जोडते. विहीर हा बिंदू, ओढा ही रेषा, शेत हा बहुभुज. विहिरीच्या बिंदूमागे तिची खोली, पाण्याची पातळी, मोजणीची तारीख अशा नोंदी असतात. उपग्रहचित्रे मात्र चौकोनी ठिपक्यांच्या जाळीत साठवली जातात. अशा माहितीचे थर एकावर एक ठेवले की 'ओढ्यापासून ५०० मीटरच्या आत किती विहिरी आहेत?' यासारख्या प्रश्नांची उत्तरे लगेच मिळतात.

१९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडातील जमिनीच्या नोंदींसाठी अशी प्रणाली संगणकावर उभी केली. आज क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य मिळते. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली.

नवशिक्यांनी सर्वांत आधी थराची निर्देशांक पद्धती तपासावी. पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम या निर्देशांक पद्धतीत पुणे ४३व्या पट्ट्यात येते, तर नागपूर ४४व्या. पट्टा चुकीचा नोंदला, तर सगळा थर शेकडो किलोमीटर सरकतो. सुरुवात आपल्या गावातल्या विहिरींपासून करावी. उन्हाळ्यातल्या पाण्याचे नियोजन करताना ग्रामसभेला असा नकाशा फार उपयोगी पडतो.