बायकोला ओळखायचं कशावरून?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. उद्या हुबेहूब तुमच्या चेहऱ्याची एक बाई दारात उभी राहिली आणि 'या घरची सून मी' म्हणू लागली, तर घरच्यांना खरी कोण हे कळणार कशावरून? रेशनकार्डावरून, की हातच्या आमटीवरून?

हसू नका. १९६४ सालचा 'पाठलाग' याच प्रश्नावर उभा आहे. 'लाखाची गोष्ट'सारखे हसते-खेळते चित्रपट देणाऱ्या राजा परांजपे यांनी हे रहस्य रंगवलं, जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून. एका वकिलाची लाडकी बायको वारते. पुढे गुन्हेगार म्हणून पकडलेली एक बाई, तोच चेहरा, तोच आवाज, सांगू लागते, 'मीच तुमची बायको!' संसारातल्या चार भिंतींआडच्या गोष्टी ती कोर्टात घडाघडा सांगते, आणि समोर उभा राहून तिला खोटी ठरवत असतो तिचाच नवरा!

अशा कथा हॉलिवूडने आधीच लोकप्रिय केल्या होत्या. डॅशिएल हॅमेट यांच्या कादंबरीवरचा 'द थिन मॅन' १९३४ चा. त्यातले निक आणि नोरा हे जोडपं थट्टामस्करी करत खुनाचा छडा लावतं. शेवटी तर सगळ्या संशयितांना जेवायला बोलावलंय आणि वाढपी म्हणून वेषांतर केलेले पोलीस! (खुनी पंगतीला बसलाय म्हटल्यावर आपल्या हातून तर बाई पोळी करपलीच असती.) पण फरक बघा. नोरा नवऱ्याच्या शेजारी बसून शोध घेते. आपली नायिका आरोपीच्या पिंजऱ्यात. मी कोण, हे शाबीत करायची पाळी तिच्यावरच. लग्नानंतर आडनाव बदललं, कधी नावही बदललं, की जुन्या कागदांवरची ती मीच हे पटवत हिंडलेल्या भगिनींना हे वेगळं समजवायला नको.

डॉ. काशिनाथ घाणेकरांचा वकील रुबाबदार आहे खरा, पण मन गुंततं ते भावनामध्ये. कोर्टाचे प्रसंग मला थोडे नाटकी वाटतात; तरी तिचा चेहरा दिसला की बाजू कुणाची घ्यावी तेच कळेनासं होतं. गदिमांचं गीत, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशाताईंचा आवाज यांबद्दल काय सांगायचं! त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. दोनच वर्षांत हिंदीवाल्यांनी साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन त्याचा 'मेरा साया' केला.

आता एक घरगुती सूचना. आमच्या भिवंडीत मागांच्या खडखडाटात शेजारणीशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. तेव्हा खिडक्या लावा, कुकर आधीच उतरवून ठेवा, कारण सारं रहस्य बोलण्यात आहे आणि एक शिट्टी झाली की एक धागा निसटलाच. आणि 'मेरा साया' पाहिलेल्यांनो, शेजारी बसलेल्या जाऊबाईंना शेवट आधी सांगू नका हं!