नानाखेड्याहून मॉरिशसला

आपल्या उज्जयिनीच्या मराठी मंडळींचा प्रवास पूर्वी ठरलेला असे. काशी, रामेश्वर, कुलदैवताला म्हणून जेजुरी किंवा कोल्हापूर, आणि परतताना पुण्यात एखाद्या मामेबहिणीकडे चार दिवस. समुद्र पाहायचा तो मुंबईच्या चौपाटीवर, तोही चपला हातात धरून. आता काळ बदलला. सकाळी नानाखेड्याच्या बसस्थानकावर इंदूरची गाडी धरावी, तेथून विमानाने मुंबई गाठावी, आणि मुंबईहून सुमारे सहा तासांत हिंदी महासागरातल्या एका बेटावर उतरावे, इतके हे सोपे झाले आहे. आमच्या चिरंजीवांनी लग्नाच्या चाळिसाव्या वर्षाचे निमित्त काढून आम्हा उभयतांना मॉरिशसला धाडले. सुटी जुळली ती नेमकी भाद्रपदात. घरचा गणपती धाकट्या बंधूंकडे सोपवावा लागला, याची चुटपुट आमच्या सौभाग्यवतींनी विमानात बसेपर्यंत बोलून दाखवली.

हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाक या गावी होते. तेथल्या सुखसोयींचे वर्णन करून वाचकांना उगाच हळहळायला लावत नाही. पाण्याविषयी मात्र सांगितले पाहिजे. जवळजवळ सगळ्या बेटाभोवती किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाचा बांध आहे. महासागराच्या लाटा त्या बांधावर फुटतात, आणि आत जे पाणी राहते ते आपल्या क्षिप्रेच्या घाटावरल्या पाण्याइतके शांत, पण तळाची वाळू दिसेल असे निर्मळ. पोहता न येणाऱ्या माणसानेही छातीभर पाण्यात निर्धास्त उभे राहावे. हा बांध जिवंत आहे, आणि म्हणूनच नाजूकही आहे. जुलै २०२० मध्ये वाकाशियो नावाचे मोठे जहाज आग्नेय किनाऱ्यावर या प्रवाळात रुतले. पुढे त्यातून सुमारे एक हजार टन तेल सांडले. तेव्हा तेथल्या सामान्य माणसांनी उसाची पाचट कापडात भरून लांबलचक लोड शिवले आणि ते पाण्यावर तरंगत ठेवून तेल अडवले. कोणी आपले केसही कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात.

हॉटेलाच्या कुंपणाबाहेर सार्वजनिक किनारा आहे, आणि माझ्या मते खरे मॉरिशस तेथे दिसते. रविवारी सुरूच्या झाडांखाली कुटुंबेच्या कुटुंबे पातेली, चटया घेऊन येतात. कोणी आफ्रिकी वंशाचे, कोणी बिहारी, कोणी तमिळ, कोणी चिनी. बोलतात मात्र सगळे क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तेथली बोली. गाडीवर ‘ढोल पुरी’ मिळते. नाव ऐकून दचकू नये, ती डाळपुरीच आहे. हरभऱ्याच्या डाळीचे पुरण, पण गूळ नाही. सौभाग्यवतींनी पहिला घास घेऊन, ‘पुरणात गूळ घालायला विसरलेत,’ असा शेरा मारला आणि आणखी दोन मागवल्या.

दुपारी फिरायला निघालो तर माझी सावली दक्षिणेकडे पडलेली. जयसिंगाच्या वेधशाळेजवळ लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे चटकन जाणवते. आपण कर्कवृत्ताच्या अगदी जवळ, ते बेट विषुववृत्ताच्या खाली वीस अंशांवर. तेथे त्या दिवसांत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. शेतांत जागोजाग काळ्या दगडांचे ढीग रचलेले दिसले. हे दगड उसासाठी जमीन साफ करताना मजुरांनी हातांनी वेचलेले. दगड ओळखीचा वाटला, आणि तो तसा आहेही. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणावरून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या माळव्याचा आणि दख्खनचा काळा खडक वर आला, त्याच ठिकाणाने, वरचे भूकवच सरकत गेल्यावर, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस उभे केले. शेजारच्या रेयुनियाँ बेटावरचा ज्वालामुखी आजही धगधगतो, तो त्याच चुलीवर.

इतिहासाचाही असाच एक योग आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जयिनीहून ग्वाल्हेरला हलवली, आणि त्याच वर्षी इंग्रजांनी फ्रेंचांकडून मॉरिशस घेतले. गुलामगिरी १८३५ मध्ये तेथे बंद झाली, पण मळ्यांना हात हवेच होते. ते हिंदुस्थानातून करारावर आणले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘ॲटलस’ जहाज छत्तीस मजूर घेऊन पोहोचले. पुढल्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसे उतरली. बहुतेक बिहार आणि पूर्वेकडली, काही मद्रासेची, आणि थोडी मुंबई बंदरातून गेलेली कोकण व घाटावरची मराठी माणसे. पोर्ट लुई शहरातला तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशात आहे. बंदरावरून वर येणाऱ्या त्या सोळा पायऱ्या मी सावकाश चढलो. आपले पूर्वज माळव्यात आले ते घोड्यावरून, सरदारांच्या तैनातीत, सनदा आणि वतने घेऊन. यांच्याकडे होता कराराचा एक कागद. कारकुनाने बापाचे नाव फ्रेंच वळणाने लिहिले की तेच घराण्याचे आडनाव होऊन बसे.

चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, हे ऐकून मी चकित झालो. हॉटेलापासून जवळच कास्कावेल नावाचे गाव आहे, तेथे मराठी वस्ती आहे. आम्ही न बोलावता गेलो आणि पाहुणे झालो. मखरापुढे टाळ-ढोलकीवर कोकणातल्या जाखडीच्या वळणाचा नाच चालला होता. ते त्याला झाकरी म्हणतात. मग आरती झाली. समर्थांची आरती सगळ्या आळीने खणखणीत म्हटली, एक शब्द न अडखळता. शेजारच्या गृहस्थांना मी विचारले, ‘आपले मूळ गाव कोणते?’ ते हसले, हात जोडले, आणि मोडक्या हिंदीत म्हणाले की मराठी त्यांना गाता येते, बोलता येत नाही.

त्यांची सून मात्र मराठीची शिक्षिका निघाली. मॉरिशसमध्ये सरकारी प्राथमिक शाळांतून मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत, जी १९७० मध्ये स्थापन झाली, पुढचे शिक्षण घेता येते. तिची मराठी पुस्तकी, स्वच्छ, थोडी सावकाश. ‘आपण आसनस्थ व्हावे,’ असे ती म्हणाली तेव्हा सौभाग्यवतींना हसू आवरेना. उलट आमचे ‘जरा रुका, मी येऊनच राहिले’ हे अस्सल उज्जैनी मराठी ऐकून ती गोंधळली. तक्रार तिचीही आपल्यासारखीच. नोकरीला इंग्रजी-फ्रेंच लागते, घरात क्रेओल, त्यामुळे वर्ग दरसाल रोडावतो. तिच्या वर्गातल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीने मला विचारले, ‘काका, उज्जैनच्या शाळेत मराठीचा पेपर सोपा असतो का?’

माझ्या नातवंडांच्या शाळेत तो पेपरच नसतो, असे मी तिला सांगितले. पुढे काय बोलावे ते सुचेना. आपली मुले देवनागरी वाचतात, हिंदीच्या आधाराने मराठीही रेटतात. त्या मुलीला मात्र अक्षरही मुद्दाम शिकावे लागते. अडीचशे वर्षे महाराष्ट्राच्या शेजारी राहून आपण ज्याला घरची गोष्ट समजतो, त्यासाठी त्या गावात हजेरीपट आहे, परीक्षा आहे आणि सरकारी पगार आहे.

उरलेले प्रवासवर्णन थोडक्यात उरकतो. शामारेलची सात रंगांची माती फोटोतच अधिक रंगीत. नैर्ऋत्येचा ल मोर्न डोंगर पाहावा. पळालेले गुलाम त्याच्या कड्यांत लपत. आणि गंगा तलाव चुकवू नये. ज्वालामुखीच्या मुखातले हे सरोवर, १९७२ मध्ये त्यात गंगाजल घातले गेले. महाशिवरात्रीला पांढऱ्या वस्त्रांतली माणसे कावडी घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यांतून पायी येतात. तेथल्या शंकराला काही जण तेरावे ज्योतिर्लिंग म्हणतात. महाकालाच्या गावच्या माणसाने यावर मौन पाळणे बरे. जायचे तर ऑगस्ट-सप्टेंबरात जावे, हवा गार असते. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस.

निघताना त्या शिक्षिकेने एकच मागितले: मोठ्या टाइपातली, चित्रांची, पहिलीच्या मुलांना झेपतील अशी पुस्तके. परतल्यावर आम्ही पार्सल केले. गोष्टींची पुस्तके घरच्या कपाटातच निघाली. मराठी अंकलिपी मात्र उज्जैनच्या बाजारात कोठे मिळेना. इंदूरलाही मिळाली नाही. शेवटी पुण्याच्या मामेबहिणीला लिहून चाळीस प्रती मागवल्या. तीस तिकडे पाठवल्या, दहा घरी ठेवल्या आहेत.