निगा, पहारा आणि हुशारी

काही वर्षांपूर्वी लातूरच्या माझ्या दवाखान्यात एका सायंकाळी लोह्याकडील एक गृहस्थ आपल्या ७८ वर्षांच्या आईला घेऊन आले. ताप नव्हता, खोकला नव्हता, कोठे दुखतही नव्हते. तक्रार एकच होती : "डॉक्टरसाहेब, माय दोन दिसांपासून हुशार वाटंना." मी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, दोन्ही ठीक होते. "वयोमानाने असे व्हायचेच," असे म्हणून मी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या रात्री त्या माउलीने पोटच्या मुलाला ओळखले नाही. तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग आढळला. शरीरातील पाणीही कमी झाले होते. उपचारांनी त्या बऱ्या झाल्या, परंतु मधला एक दिवस वाया गेला आणि तो माझ्यामुळे गेला. मुलाने अचूक लक्षण सांगितले होते; मीच तो शब्द नीट ऐकला नव्हता.

'हुशार' हा शब्द फारसीतील 'होशियार'वरून आला. 'होश' म्हणजे भान, शुद्ध. ज्याचे भान जागे आहे तो हुशार. पुढे मराठीत 'बुद्धिमान' हा अर्थ रूढ झाला, तरी आजाऱ्याच्या खाटेजवळ जुना अर्थ अजून टिकून आहे. "आज जरा हुशारी वाटते," असे आजोबा म्हणतात, तेव्हा ते आपल्या भानाविषयी आणि तरतरीविषयी सांगत असतात. असे फारसी शब्द साऱ्या मराठीत आहेत. मात्र आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथील कारभार उर्दूत चाले. त्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ते अधिकच घरोब्याने येतात.

वृद्धांची हुशारी एक-दोन दिवसांत अचानक कमी झाली, तर ते म्हातारपण नव्हे. वैद्यकात या अवस्थेला डेलिरियम म्हणतात. विस्मृतीचा आजार महिनोन्महिने, वर्षानुवर्षे वाढत जातो. डेलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि बहुधा सायंकाळी किंवा रात्री बळावतो. काही रुग्ण बरळतात, उठून पळू पाहतात. काही मात्र गप्प होतात, सतत झोपून राहतात, अर्धा घास तोंडात तसाच ठेवतात. हा दुसरा प्रकार घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्याही नजरेतून सहज निसटतो. मूळ कारण जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, साखर उतरणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता किंवा नुकतेच सुरू केलेले एखादे औषध असू शकते. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि घरातील सर्व औषधे सोबत न्यावीत. मधुमेह असल्यास साखर ताबडतोब तपासावी. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा रुग्ण हाक मारूनही जागा होत नसला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हा बदल प्रथम कोणाला कळतो? रोज जवळ असणाऱ्याला. आपण वृद्धांची 'निगा' राखतो. 'निगा' हा शब्दही फारसीच. मूळ 'निगाह' म्हणजे दृष्टी. मराठीने त्या दृष्टीत माया मिसळली आणि तिचा अर्थ शुश्रूषा झाला. काल आजी चहा मागून घेत होती, आज मागितला नाही, हे दिसणे म्हणजे निगा.

परंतु पाहण्याचा आणखी एक प्रकार आहे. 'पाळत' हा शब्द 'पाळणे' या क्रियापदातला. त्यामागे संस्कृत 'पाल्' म्हणजे रक्षण करणे हा धातू आहे. 'पालक' आणि 'पालन' त्याचेच सोयरे. आज मात्र पाळत ठेवतात ती संशयितावर. त्या माउली बऱ्या झाल्यावर मुलांनी त्यांना अंगणातही एकटे जाऊ दिले नाही. पुढच्या भेटीत त्या मला म्हणाल्या, "चोरावानी बघायलेत मला." मुलांच्या मनात माया होती, तरी आईला ती जाचू लागली होती. अशा वेळी बंदी घालण्यापेक्षा अंगणातली ओली फरशी कोरडी ठेवावी, न्हाणीघरात हाताला आधार देणारा दांडा बसवावा, रात्री मंद दिवा असू द्यावा, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवावे. दृष्टी तीच असते. विचारून पाहिले की ती निगा होते आणि न विचारता लादली की पाळत होते.

आता थोडे पाहणाऱ्यांविषयी. 'पहारा' हा शब्द संस्कृत 'प्रहर'पासून आला. प्रहर म्हणजे तीन तास. रात्रीचे प्रहर चार. पहारेकऱ्याची पाळी वेळेने बांधलेली असे, ती संपली की दुसरा येई. शेतात जागलीला जाणारे शेतकरीही पाळ्या लावून घेतात. आपल्या घरांत मात्र एकच सून, एकच मुलगी किंवा स्वतः सत्तरीची झालेली पत्नी चारही प्रहर जागते. मग पाठ धरते, चिडचिड होते, तिची स्वतःची रक्तदाबाची गोळी चुकते. घरातील सर्वांनी मिळून रात्र वाटून घ्यावी. माणसे कमी असतील, तर दिवसा तरी तिला दोन-तीन तासांची निश्चिंत झोप मिळेल असे पाहावे. थकलेल्या डोळ्यांना बदल दिसत नाहीत.

'सावध' या शब्दात 'अवधान' आहे. अवधानासह असणे म्हणजे सावधान असणे. मराठीत मूर्च्छेतून भानावर येणारा रुग्ण 'सावध होतो' आणि त्याच्या उशाशी बसलेले माणूसही 'सावध असते'. दोघांसाठी शब्द एकच आहे. तेव्हा घरातले कोणी "आज हुशारी नाही," असे म्हणाले, तर ते वयावर ढकलू नका. डॉक्टरांनी तसे ढकलले, तर त्यांना तेच शब्द पुन्हा ऐकवा. त्या दिवसापासून मी प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या घरच्यांना आधी हेच विचारतो : "कालच्यापेक्षा आज यांच्यात काय वेगळे वाटते?"